कंदील वाढव

जे आता लिहितो आहे ते मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. पत्नीजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवाजवळ तर नाहीच, कारण देवाशी माझे बोलणे तसेही बेताचे. उभा जन्म अकोल्याच्या कोर्टात गेला. उलटतपासणीत समोरच्याच्या तोंडून खरे काढून घेण्यात माझा हात धरणारा त्या काळी जिल्ह्यात नव्हता — हे मी गर्वाने सांगतो, आणि कोणाला शंका असेल तर त्याने यावे, अजून वाद घालण्याइतका दम माझ्यात आहे. पण स्वतःला प्रश्न विचारायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही समोर बसला आहात असे धरून लिहितो. अध्येमध्ये थांबलो तर रागावू नका. मला भीती वाटते आहे.

निमित्त झाले नातवाच्या गाडीचे. विजेवर चालणारी मोटार त्याने घेतली आणि ओसरीशी उभी करून भिंतीतल्या प्लगला जोडली. बॅटरी पुरती रिकामी होऊ देऊ नये, गच्च भरून तापत ठेवू नये, चार्जिंगची जागा हवेशीर असावी, असे तो मला मोबाइलवरून वाचून दाखवू लागला. मी म्हटले, बाबा रे, हे मी तुझ्या आईच्या जन्माआधीपासून लोकांना सांगत होतो. सगळे हसले. मग गाडीच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांना त्याने दिगूमामाची गोष्ट सांगितली — घरची ठरलेली गोष्ट, जशी सणाला एखादी ठरलेली भाजी होते तशी. म्हणे, दिगूमामांनी बॅटरीजवळ विडी पेटवली.

साफ खोटे. दिगूने जन्मात विडी ओढली नाही.

माझा नागपूरचा पुतण्या सांगतो की चार्जरमधून ठिणगी उडाली. तेही खोटे. त्या वेळी वीजच नव्हती. नसलेल्या विजेची ठिणगी कशी उडेल? तो चार्जर मी मुंबईहून मागवला होता — भोके पाडलेला लोखंडी पेटारा, आत जांभळट उजेडाचा बल्ब — आणि त्याच्याविरुद्ध एक शब्दही मी ऐकून घेणार नाही. दिगूच्या गावचे लोक म्हणत की वकिलाने मुद्दाम पोराला पुढे केले. नाही. मुद्दाम नाही. आणि माझी मुलगी सांगते की अप्पांनी परोपरीने बजावले, 'विझव, विझव', पण मामाने ऐकले नाही. या आवृत्तीविरुद्ध मी कधी काही बोललो नाही. का बोललो नाही? कारण ती माझी आहे. मीच तयार केलेली.

पन्नासच्या दशकातले अकोला. माझ्याकडे एक जुनी मोटार होती आणि तालुक्याच्या कोर्टांत मी ती घेऊन जात असे — कधी मूर्तिजापूर, कधी पातूर. रस्ते असे की गाडीचा एकेक नट बोलायचा. गावात मोटारी थोड्या, आणि त्यांच्या बॅटऱ्या उन्हाळ्यात पटापट मरत. लोक त्यात विहिरीचे पाणी ओतत! आमच्याकडचे पाणी खारे; त्याने चहा नासतो, तिथे बॅटरीची काय कथा? मी डिस्टिल्ड वॉटरखेरीज थेंब घालू देत नसे. चार्जिंगला लावताना सेलांची बुचे काढून ठेवायची, खिडकी उघडी टाकायची, तारांच्या टोकांना व्हॅसलीन लावायचे, ॲसिड अंगावर उडालेच तर भरपूर पाणी ओतायचे, आणि काहीही झाले तरी जवळ आग आणायची नाही — बॅटरी भरत आली की तिच्यातून वायू सुटतो, आणि तो बारुदीसारखा पेट घेतो. हे सगळे मी क्लबात सांगे, कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये सांगे, कोणी विचारले नाही तरी सांगे. गाडीवाले आपल्या बॅटऱ्या माझ्या परसातल्या खोलीत आणून ठेवू लागले. मला ते फार आवडे. आपल्याला एखादी गोष्ट इतरांपेक्षा जास्त कळते हे सुख किती धोक्याचे असते, ते तेव्हा कोणी मला सांगितले असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

दिगंबर हा माझ्या पत्नीचा — विमलचा — धाकटा भाऊ. अंजनगावाकडचा, घरची काळी कसदार जमीन, पण याचे मन मोटारीत. गाडी चालवायला मीच त्याला शिकवले. हात हलका होता त्याचा, माझ्यापेक्षाही. प्रवासी मोटारीवर ड्रायव्हर म्हणून त्याचे काम जवळजवळ ठरले होते. तो आला की घर हसते व्हायचे. मी बॅटरीची टोके पुसत बसलो की तो दारात उभा राहून म्हणे, "काहून भाऊजी, ताईचे पाय तरी असे पुसता का कधी?" विमल आतून ओरडे, "दिग्या, मार खाशीन." मला त्याच्या बोलण्याचा राग येत नसे, हे विशेष. मला पुष्कळांचा राग येई.

त्या वेळी विमलला सातवा महिना होता. तिला बाळंतपणाला माहेरी न्यायला दिगू आला होता, आणि आगगाडीचे धक्के नकोत म्हणून मी तिला आपल्या मोटारीने सोडायचे ठरवले होते. म्हणून बॅटरी चार्जिंगला. सकाळपासून लावलेली होती. कान दिला तर सेलांमधला आवाज ऐकू येई — भात शिजत असावा तसा.

खिडकी बंद होती. हे मी प्रथमच सांगतो आहे. पुढे सगळे म्हणाले, खिडकी दिगूने लावली असेल, खेड्यातला पोरगा, त्याला काय कळते. खिडकी मी लावली. आंबूस वासाने विमलला मळमळत होते आणि ती खिडकी स्वयंपाकघराच्या बाजूला उघडे. माझाच नियम मी मोडला. पण एवढीच गोष्ट असती तर मी ती केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. बायकोच्या मळमळीसाठी खिडकी लावली — यात लपवण्यासारखे काय आहे? उलट लोक मला चांगलाच म्हणाले असते.

याच्या आधीचे थोडे सांगायला हवे.

आमचा पहिला मुलगा विमलच्या माहेरी जन्मला आणि थोडेच दिवस जगला. तो आजारी असताना मी तिथे होतो. देवापुढे समई जळत होती, तिचा धूर बाळाच्या अंगावर येत होता. मी म्हणालो, "विझवा ती समई." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आपल्याकडे देवापुढचा दिवा कोणी विझवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात, कुंकू वाढवतात, दुकान बंद करायचे तर तेही वाढवतात. अशुभाचे नाव घ्यायचे नाही, उलटे बोलायचे. मी तेव्हा या सगळ्याला हसणारा माणूस. मोठ्याने म्हणालो, "विझवा म्हणजे विझवा. शब्दाने कोणी मरत नाही." बाळ सकाळी गेले.

मी कोणाला काही कळू दिले नाही. त्यानंतरही चारचौघांत शकुन-अपशकुनांची टर उडवत राहिलो, पूर्वीपेक्षा जास्तच. पण तो शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही. चूल असो, काडी असो, विजेचा दिवा असो — मी 'मालव' म्हणे, 'बंद कर' म्हणे, 'वाढव' म्हणे. वर्षे गेली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. असा मी शूर.

आता त्या संध्याकाळी या.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. वीज गेली, तशी ती बरेचदा जाई. मी परसात येऊन खोलीचे दार उघडले. आत काळोख, आणि तो वास. सेलांतले पाणी किती उतरले ते पाहून भर घालायची होती, म्हणून डिस्टिल्ड वॉटरची बाटली माझ्या हातात होती. मी उंबऱ्यावर उभा होतो. मागून दिगू कंदील घेऊन आला, वात बारीक केलेली.

"भाऊजी, अंधारात काय दिसून राह्यलं तुमाले? सरका, उजेड धरतो."

तो मला ओलांडून आत गेला. मी म्हणालो, "कंदील वाढव."

हेच शब्द. दुसरे नाहीत.

समईला 'वाढव' म्हटले तर लहान मूलसुद्धा ती मालवील. पण कंदिलाला 'वाढव' म्हटले तर? तुम्ही काय कराल? वात वर कराल. कोणीही करील. अंधाऱ्या खोलीत, हातात पाण्याची बाटली घेतलेला माणूस 'कंदील वाढव' म्हणतो, तर त्याला उजेड हवा आहे एवढेच कोणालाही समजेल. विमल आत देवापुढे दिवा लावत होती, भिंतीपलीकडे तिची पुटपुट ऐकू येत होती, तिच्या पोटात बाळ होते — आणि मला तो शब्द उच्चारायचा नव्हता. म्हणून मी दुसरा उच्चारला; 'मालव' नाही, 'बंद कर' नाही, देवापुढच्या दिव्याचा तोच तोंडी आला.

तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. नाही. इथपर्यंत मी एक घाबरट आणि ढोंगी मनुष्य होतो, इतकेच. अशी माणसे पुष्कळ असतात.

दिगू "हो" म्हणाला. त्याचा अंगठा कंदिलाच्या चावीवर गेलेला मी पाहिला. चावी फिरली. ज्योत लहान झाली नाही, मोठी झाली. भिंतीवर त्याची सावली वर चढली. मला कळले. ऐका — मला त्या क्षणी सगळे कळले. त्याने काय ऐकले, तो काय करणार आहे, आणि त्यानंतर काय होणार आहे, हे त्या गावात माझ्याइतके कोणालाही स्पष्ट कळले नसते. तो बॅटरीपाशी गेला. वाकला. मला नीट दिसावे म्हणून कंदील त्या बुचे काढलेल्या सेलांवर धरण्यासाठी त्याने हात पुढे केला.

वेळ होता. फार नव्हता, पण एका शब्दापुरता होता. तो शब्द घशाशी आला आणि अडकला. आणि समजा तो एक शब्द अशुभ, तर 'थांब' म्हणता आले नसते का? 'नको' म्हणता आले नसते? 'दिगू' अशी नुसती हाक? 'थांब' म्हणण्यात कोणता अपशकुन होता? मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरले आणि त्या वेळी मला एकही सापडला नाही, हे तुम्ही मान्य कराल का? मी तुमच्या जागी असतो तर केले नसते.

मी मागे सरलो. हे ते. उंबऱ्यावरून पाय मागे घेतला आणि भिंतीआड झालो. जिभेच्या आधी पाय हलले. मी त्याला आत ठेवून स्वतःपुरता बाहेर आलो, आणि बाहेर येऊन, भिंतीला पाठ लावून, आवाजाची वाट पाहिली.

तोफेसारखा आवाज झाला असे पुतण्या सांगतो. तसा झाला नाही. लग्नात बार उडवतात तसा, आणि त्यामागून काच सांडल्याचा. दिगू किंचाळला नाही. तो म्हणाला, "ताई, पाणी." मला नाही, तिला. ॲसिड लागले तर पाणी ओतायचे हे त्याच्या लक्षात होते. माझ्याकडूनच शिकला होता. त्या अवघडलेल्या बाईने हंडा उचलून आणला आणि त्याच्या तोंडावर ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती माझ्या हातातच राहिली.

माझी मोटार दारात उभी होती आणि तिला बॅटरी नव्हती. टांग्यातून दवाखान्यात नेले. पुढे डोळ्यांसाठी अमरावतीला. डावा डोळा वाचला. उजवा गेला.

अमरावतीच्या दवाखान्यात त्याचे वडील आले. विमल होती, गावचे चार लोक होते. दिगूच्या डोळ्यांवर पट्ट्या. वडिलांनी विचारले, कसे झाले? तो म्हणाला, "भाऊजी म्हणले कंदील वाढव. मी वाढवला." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारले ते सांगितले, एवढेच. सगळे माझ्याकडे वळले. सासरे म्हणाले, "जवाईबापू, आग जवळ नेऊ नोका असं तं तुमीच सांगता सगळ्याइले. मंग वाढव कसं म्हणलं?"

मी म्हणालो, "मी विझव म्हणालो. स्पष्ट म्हणालो, 'विझव'."

निघाला शब्द. सहज निघाला. त्याचा डोळा वाचवायला जो निघाला नाही, तो मला वाचवायला निघाला — आणि विमल शेजारी उभी होती, तिच्या पोटातले बाळ तिथेच होते. मग ती भीती कुठे गेली? मी कशाला भीत होतो आणि कशाला नव्हतो, हे त्या दिवशी मला समजले. दुसऱ्या कोणाला समजले नाही. वकिलावर विश्वास ठेवायचा की एकवीस-बावीस वर्षांच्या पोरावर? विमलने भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐकायचं असते रे मोठ्या माणसाचं." पट्टीखाली तो काय करत होता ते दिसले नाही.

मुलगी सुखरूप झाली. तीच, जी आज सांगते की अप्पांनी परोपरीने बजावले.

एका डोळ्याच्या माणसाला ड्रायव्हरचे काम कोण देणार? पण हात अजून हलकाच होता. परतवाड्याला एक मोटार-दुरुस्तीवाला माझ्या ओळखीचा होता. दिगू त्याच्याकडे काम मागायला गेला. त्या गृहस्थाने मला कोर्टाच्या आवारात गाठून विचारले, "वकीलसाहेब, पोरगा भरोशाचा आहे ना? बॅटरीचं ऐकलं म्हणून विचारतो." 'भरोशाचा आहे' म्हटले असते तर तो विचारणार होता, मग तसे कसे झाले? मी म्हणालो, "हुशार आहे. पण सांगितलेले ऐकत नाही." त्याने मान हलवली. दिगू पुढे एका जिनिंगच्या आवारात कापसाच्या बैलगाड्या मोजून घेण्याच्या कामाला लागला आणि तिथेच राहिला. बंद पडलेल्या मोटारीजवळून जाताना तो पावले हळू करी. मी पाहिले आहे.

भाऊबीजेला तो येई. विमल त्याला ओवाळी, आणि दरवर्षी ताट खाली ठेवता ठेवता म्हणे, "एवढं ऐकलं असतं तर." पहिल्या एक-दोन वर्षांत तो म्हणाला, "ताई, वाढवच म्हणले होते वं." त्यावर ती असा काही अबोला धरी की घरातल्या भिंती आवळल्यासारख्या वाटत. ती माझ्या बाजूने उभी होती. नवऱ्याची बाजू घेऊन ती सख्ख्या भावाशी भांडत होती. मग एका वर्षी तो काहीच बोलला नाही. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिने तेच वाक्य म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "हो ना. भाऊजी इझव म्हणले, अन् मले ऐकूच नाई आलं. बहिरा होतो मी." विमलचा चेहरा उजळला. तिने त्याच्या ताटात आणखी एक अनरसा वाढला. मी समोरच जेवत होतो. माझे जेवण थांबले नाही.

विमल तेच खरे मानून गेली.

आता शेवटचे.

साठ साल उलटून काही वर्षे झाली होती. मूर्तिजापूरला मी एका दाव्यासाठी गेलो होतो. दिगू छोट्या आगगाडीने गावी निघालेला, मला स्टेशनवर भेटला. भरदुपार. गाडी सुटायला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. तो सवयीने माझ्या उजव्या हाताला बसला, म्हणजे मी त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला येईन. जवळ कोणी नव्हते. विमल सोबत नव्हती, सासरे वारले होते. मला कोणाची भीती उरली नव्हती, निदान असायला नको होती.

तो रुळांकडे पाहत म्हणाला, "भाऊजी, एक इचारू? राग नका धरू."

"विचार."

"मी लय वर्षं हेच म्हणत आलो का मले ऐकू नाई आलं. ताईसाठी म्हणत होतो पयले. पण आता म्हणता म्हणता मलेच कळेनासं झालं. डोळे मिटले तं कधी वाढव ऐकू येते, कधी इझव. तुमी सांगा. खरंच इझव म्हणले होते का तुमी?"

तुम्ही माझे कोणी नाही, आणि तरी मला तुमच्याकडे पाहवत नाही. त्याने मला काय मागितले होते? डोळा नाही, काम नाही, चार लोकांत माफी नाही. स्वतःच्या कानांनी ऐकलेला एक शब्द मागितला. तो माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नव्हता. देताना कोणी पाहणार नव्हते.

मी म्हणालो, "हो."

मग त्याने सुटकेचा श्वास टाकला. खरोखर सुटकेचा, मी श्वास ओळखतो, साक्षीदारांचे पुष्कळ ऐकले आहेत. म्हणाला, "मंग मले माफ करा, भाऊजी. त्या दिवशी दवाखान्यात मी चार लोकांत तुमचं खोटं नाव घेतलं."

त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"झाले गेले," मी म्हणालो. मी त्याला माफ केले.